चार बोटं पाणी

आमच्या गावात पाण्याविषयीचा शेवटचा शब्द डोहवाल्या काकाजींचा असे आणि देवाविषयीचा शेवटचा प्रश्नही त्यांचाच. शब्द ते लगेच देऊन टाकत. प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांना शेवटपर्यंत कोणी दिलं नाही, आणि न देणाऱ्यांत मीही होते.

बोरी अरबच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर, अडाण नदीच्या अलीकडच्या काठाला आमचं गाव. गावाच्या टोकाला मिशनचं आवार होतं. त्यात एक देऊळ (आम्ही ख्रिस्ती लोकही देऊळच म्हणतो), एक शाळा, सहा खाटांचा दवाखाना आणि मागे भिंत घातलेली कबरांची जागा. पप्पा शाळेचे हेडमास्तर. मी नागपूरला इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात राहायचे आणि सुट्ट्यांपुरती घरी यायचे. शाळेत मराठी बोललं की शिक्षा होत असे आणि इंग्रजी चुकलं की हसं होत असे, त्यामुळे गप्प राहून पाहत बसण्याची सवय मला लवकर लागली. पाहण्यासारखं माणूस आमच्या गावात एकच होतं.

काकाजी आवाराचे पाणके. जन्म पलीकडच्या तांड्यातला, वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरलेले. काकाजी मात्र विहीर ते दवाखाना आणि दवाखाना ते देऊळ एवढाच प्रवास तीस वर्षं करत होते. अंगानं काटकुळे, मिशा पांढऱ्या, डोक्याला विटका लाल पटका आणि हातात एक बांबूची काठी. ती काठी चालण्यासाठी नव्हती, पाणी मोजण्यासाठी होती. तिच्यावर एका जागी चाकूनं कोरलेली खोल खाच होती आणि त्या खाचेवर काकाजींचा जेवढा विश्वास होता तेवढा आमच्या देवळाच्या पाळकसाहेबांचा पवित्र शास्त्रावर असेल की नाही, मला शंका आहे. विहिरीत, हौदात, बैलांच्या डोणीत, दिसेल त्या पाण्यात ते काठी घालून बघत आणि पुटपुटत, "एक वीत उतरलं." काठी मावत नसे तिथे बोटं लावत. आमच्या ओसरीवर चहा घेताना कपात डोकावून आईला सांगत, "बाई, आज च्या दोन बोटं कमी हाये." आई वैतागून कप भरून देई. मग अर्धा कप बशीत ठेवून जात. कमी असलेलं दाखवून देणं हे त्यांचं काम होतं, पिणं नव्हे. प्रत्येक सुट्टीत मी आले की आधी मला काठीला लावून उभं करत. सहाव्या वर्षी माझं डोकं खाचेला टेकलं तेव्हा त्यांनी सगळ्या आवाराला सांगितलं की मास्तरची पोट्टी डोहाएवढी झाली.

काठीचं खरं काम वर्षातून एकदाच असे. आमच्या ख्रिस्ती मंडळीत बाप्तिस्मा नदीतच देत, तोही डोक्यासकट पूर्ण बुडवून. कापसाची वेचणी आटोपून माणसं मोकळी झाली की फाल्गुनातल्या एका रविवारी तो ठरायचा. तोवर अडाणचं पात्र वाळूचं झालेलं असे. जांभळांखालचा एक डोह तेवढा उरायचा. आदल्या शनिवारी काकाजी डोहात उतरत, काठी तळाला टेकवत आणि पाणी खाचेला लागलं तर काठावर उभ्या असलेल्या पाळकसाहेबांना हात वर करून दाखवत. नाही लागलं तर बाप्तिस्मा पावसाळ्यानंतर. यावर कधी चर्चा होत नसे. काकाजी म्हणायचे, "मानूस खोटं बोलते माय, पानी बोलत नाही."

रविवारी ते घोंगडी घेऊन काठावर उभे राहत. पाण्यातून एकेक जण कुडकुडत वर आला की त्याला घोंगडीत गुंडाळत आणि कानाशी तोंड नेऊन विचारत, "काही वाटलं काय?" पाळकसाहेबांनी वर्षभर शिकवलेलं असायचं की जुना माणूस पाण्यात मरतो आणि नवा वर येतो. तो नवा माणूस ताजा असतानाच काकाजींना त्याची खबर हवी असे. उत्तरं बहुतेक निराशाजनक येत. "थंडी वाटली." "भूक लागली, काकाजी." दवाखान्यातली एक परिचारिका म्हणाली की तिला चप्पल कुठे ठेवली याची आठवण झाली. एक सुतार मात्र डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "हलकं वाटून राह्यलं." त्या सुताराच्या मागे काकाजी दोन वर्षं होते. वाटेत दिसला की थांबवून विचारायचे, "अजून हलकंच हाये का?" बिचारा शेवटी रस्ता बदलून जाऊ लागला.

आणि एवढं सगळं करणाऱ्या काकाजींचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. देवळात ते दाराजवळ बसत, गाणी सगळ्यांच्या पुढे एक ओळ म्हणत, आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटण्याच्या वेळी बाप्तिस्मा न घेतलेल्यांनी बाहेर जायचं असे, तेव्हा कोणी सांगण्याआधी उठून खिडकीखाली जाऊन बसत. पाळकसाहेब दर वर्षी विचारत, "काकाजी, यंदा?" काकाजी म्हणत, "यंदा पानी मोजतो, पाहू."

संध्याकाळी आमच्या ओसरीवर पाळकसाहेब आणि पप्पा यांचा वाद रंगायचा. पाळकसाहेब नगरकडचे, बुटके, अंगानं भरलेले, मनानं फार मऊ आणि मतानं फार कडक. त्यांच्या मते पाणी आणि आत्मा ही जोडी प्रभूनं स्वतः बांधली आहे, ती सोडवणारे आपण कोण. पप्पांच्या मते नवा जन्म आत होतो, पाणी ही त्याची फक्त खूण, लग्न लागल्यावर घातलेल्या मंगळसूत्रासारखी. काकाजी पायरीवर बसून ऐकत आणि ज्याची बाजू वर होईल त्याच्याविरुद्ध जात. पाळकसाहेब जिंकू लागले की विचारत, "प्रभूच्या बाजूले वधस्तंभावर होता, त्या चोराले कोन्या नदीवर नेलतं, साहेब? त्याले तर त्याच दिवशी सर्गाच्या आत घेतलं." पाळकसाहेब म्हणत, तो अपवाद. मग पप्पांना बळ येई. लगेच काकाजी पप्पांकडे वळत, "मास्तर, पान्यात काहीच नाही म्हन्ता, मंग मी तीस वर्सं डोह कायले मोजून राह्यलो?" पप्पा हसून चहा मागवत. मला वाटायचं, काकाजींना वाद घालायची हौस आहे.

छप्पन्न सालच्या दसऱ्याला आमच्या भागातली पुष्कळ माणसं पांढरे कपडे घालून नागपूरला जाऊन आली आणि बुद्धाची झाली. त्यांत शाळेचा गवंडीही होता. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी असताना तो आमच्या ओसरीचा कोबा दुरुस्त करायला आला. काकाजी त्याच्यासमोर उकिडवे बसले. "पान्यात उतरवलं काय?"

"नाही काकाजी. उभ्या उभ्या शपथा घेतल्या."

"शिंपडलं तरी असन."

"नाही नं. काहीच नाही."

"आन् काही वाटलं?"

गवंड्यानं थापी खाली ठेवली. "मान वर झाली," तो म्हणाला.

काकाजी किती तरी वेळ त्याच्या मानेकडे बघत राहिले. त्याच महिन्यात आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. जाताना ते पप्पांना म्हणाले, "मास्तर, यंदा ज्याले त्याले पान्याबिगर नवा जन्म भेटून राह्यला. आख्ख्या जिल्ह्याले भेटला." पप्पा मोठ्यानं हसले. काकाजी हसले नाहीत, हे मी पाहिलं होतं.

पुढच्या वर्षी माझी शाळेची शेवटची परीक्षा झाली आणि फाल्गुनात माझा बाप्तिस्मा ठरला. शनिवारी काकाजींनी हात वर केला, रविवारी मी पांढरं पातळ नेसून पाण्यात उतरले. पाळकसाहेबांनी मला मागे झुकवलं, क्षणभर सगळं हिरवं दिसलं आणि मी वर आले. घोंगडी अंगावर पडली आणि कानाशी प्रश्न आला. मला काहीच वाटलं नव्हतं, पण काठावर आई रडत होती, म्हणून मी "हो" म्हटलं.

"खोटं," काकाजी म्हणाले. "कानात पानी गेलं असन."

मला हसू आलं. त्या दिवशी खरं विचारणारं आणि खरं ऐकणारं तेवढं एकच माणूस होतं. धीर येऊन मीही विचारलं. पाण्यात उभी असताना मला जाणवलं होतं की पाणी माझ्या खांद्यापर्यंत येतंय आणि मला धरणाऱ्या बुटक्या पाळकसाहेबांची तर मान तेवढी वर आहे. शास्त्राच्या वर्गात आम्हाला सांगितलं होतं, पाणी कमरेएवढं हवं. "काकाजी, ही खाच कोणाच्या कमरेची आहे?"

"साहेबाच्या. मिशन काढलं त्या पयल्या साहेबाच्या. त्यानंच उभं राहून कोरली." देवळाच्या मागच्या खोलीत त्या साहेबांचा फोटो होता. उंच, ताडासारखा माणूस, आणि आजूबाजूला त्याच्या कोपरापर्यंत पोचणारे आमच्या गावचे लोक. तो आम्ही दोघांनी हजारदा पाहिला होता. साहेब केव्हाच मायदेशी गेला होता, खाच राहिली होती. काकाजींनी काठी आडवी धरली, अंगठा खाचेवर ठेवला, तिथून चार बोटं खाली सरकवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिच्या तर गळ्याले आलं असतं."

ती म्हणजे कोण, हे मला त्या दुपारी पप्पांनी सांगितलं. काकाजींची बायको. मला तिची एकच आठवण आहे. मी तीन-चार वर्षांची असताना तिच्या घागऱ्यावरचे आरसे उन्हात लुकलुकायचे आणि मी ते धरायला जायचे. ती गिड्डी, गोल, मोठ्यानं हसणारी होती म्हणतात. देवळातली गाणी ती तांड्याच्या चालीवर म्हणायची आणि बायकांना तीच चाल आवडायची. काकाजी मिशनमध्ये नोकरीला होते, पण विश्वास आधी तिला आला. तिनं बाप्तिस्म्यासाठी नाव दिलं, पांढरं लुगडं घेतलं, हातभर चुडे उतरवून ठेवले. तांड्यात त्यावरून भांडण झालं. फाल्गुनातल्या शनिवारी काकाजी डोहात उतरले आणि वर येऊन म्हणाले, चार बोटं कमी आहे. तेव्हाच्या पाळकांनी बाप्तिस्मा पावसाळ्यावर ढकलला. ज्येष्ठात ती तापानं गेली.

तांडा म्हणाला, चुडे उतरवले तेव्हाच ती तुमची झाली. मिशन म्हणालं, बाप्तिस्मा झाला नाही, ती अजून आमची नाही. भिंतीच्या आत फक्त बाप्तिस्मा झालेल्यांना जागा असे. शेवटी भिंतीबाहेर, तांड्याच्या पाऊलवाटेच्या अलीकडे, काकाजींनी एकट्यानं खड्डा खणला आणि तिला त्याच पांढऱ्या लुगड्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते नेहमीप्रमाणे दवाखान्याचं पाणी भरायला हजर होते. कोणी काही बोललं नाही, कारण सगळं नियमाप्रमाणे झालं होतं, आणि मोजलं तर त्यांनीच होतं.

त्यानंतर काकाजींचे सगळे विनोदी प्रश्न मला वेगळे ऐकू येऊ लागले. ती नव्यानं जन्मली होती की नाही, एवढंच त्यांना हवं होतं. पाणी लागतंच असेल, तर चार बोटांसाठी त्यांनी तिला बाहेर ठेवलं होतं. लागत नसेल, तर ती भिंत खोटी होती. म्हणून ते कोणालाच जिंकू देत नसत.

मी गावी राहून पप्पांच्या शाळेत शिकवू लागले तेव्हा काकाजींनी माझा नवा उपयोग शोधला. मराठी उपदेशकांना उत्तर येत नाही तर ते इंग्रजीत असणार, असा त्यांचा कयास होता. देवळाच्या कपाटात जुन्या साहेबांची जाड पुस्तकं कसर लागून पडली होती. दर शनिवारी शाळा सुटली की ते एकेक पुस्तक उचलून आणत आणि पायरीवर बसत. "वाच माय. पान्याचं कुठी लिहिलं पाह्य." मी वाचून सांगायचे. एक पुस्तक म्हणे पाण्यावाचून जन्म नाही. दुसरं म्हणे पाणी हे आत झालेल्याचं बाहेरचं चिन्ह. तिसऱ्यात तान्ह्या मुलांच्या कपाळावर पाणी शिंपडण्यावरच दोनशे पानं होती. काकाजी शांतपणे ऐकून पुस्तक हातात घेत, त्याची जाडी बोटांनी मोजत आणि म्हणत, "सहा बोटं पुस्तक, आन् आपल्या कामाचं कायबी नाही. याच्यात मेलेल्या बाईबद्दल कोनीच काहून लिहित नाही?"

मग एका हिवाळ्यात मिशनचे मोठे साहेब दौऱ्यावर आले. उपासनेनंतर शाळेच्या पटांगणात सतरंज्या घातल्या आणि साहेबांनी सांगितलं की ज्याला जे विचारायचं ते विचारा. दुभाषी म्हणून मला उभं केलं. शंभर डोळे माझ्यावर, आणि मला तर वर्गातल्या मुलांसमोरही घाम फुटायचा. शाळेच्या छपराबद्दल, औषधांबद्दल दोन प्रश्न झाले. मग काकाजी उठले. धुतलेला पटका बांधून आले होते.

"साहेबाले विचार, माय. एक बाई होती. तिचा इस्वास पक्का होता. पान्यात उतरायच्या आधी गेली. तिचा नवा जन्म झाला का नाही?"

मी विचारलं. साहेब डोळे मिटून हळूहळू बोलले. ते चांगले माणूस होते. पाणी साक्षीदार आहे, म्हणाले, जन्म देणारा आत्मा आहे, तो वाऱ्यासारखा हवा तिथे जातो, देव कुठल्या नदीला बांधलेला नाही. त्या बाईविषयी आपल्या मनात जराही शंका नाही, असंही म्हणाले. मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला. माझा आवाज मलाच स्पष्ट ऐकू येत होता. पाळकसाहेब खाली बघत होते. बायकांच्या बाजूला कोणी तरी नाक ओढलं.

काकाजी बसले नाहीत. "मंग साहेबाले म्हन, थे जर आत जन्मली तर बाहेर काहून पुरली? थे भिंत कोनाच्या हुकमानं हाये? पाडता येते का नाही?"

साहेबांनी उत्सुकतेनं माझ्याकडे पाहिलं. मी पाळकसाहेबांकडे पाहिलं, त्यांचा चेहरा लाल झाला होता. पप्पा बुटाच्या टोकानं सतरंजीची कड सरळ करत होते. सगळ्या मंडळीच्या अब्रूचा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता, आणि मी तो गिळला. काकाजी आपले फार आभारी आहेत, असं मी साहेबांना इंग्रजीत सांगितलं.

साहेब पुढे आले आणि त्यांनी दोन्ही हातांत काकाजींचा हात घेऊन हलवला. काकाजी त्या हातांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. दुपारी साहेबांची जीप आर्णीकडे निघून गेली. मी सतरंज्या गोळा करत होते तिथे काकाजी आले. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी सतरंजीचं दुसरं टोक धरलं, घडी घातली आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "माहा सवाल हा एवढा होता. तुह्यं इंग्रजी चार बोटं कमी पडलं, माय."

मी दुसरी सतरंजी उचलली. ते म्हणाले, "होते. कवा कवा आपनच कमी मोजतो."

पुढच्या उन्हाळ्यात काकाजींच्या पोटात पाणी झालं. दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या ते स्वतःचं पोट बोटांनी मोजत आणि डॉक्टर आले की त्यांच्याआधी सांगत, "रात्रीतून एक बोट चढलं." डॉक्टरांनी पिण्याचं पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. जन्मभर पाणी मोजणाऱ्या माणसाला मोजून पाणी देताना परिचारिकेला संकोच होई. काकाजीच तिला सांगत, "भर, अजून एक घोट बाकी हाये."

वैशाखातल्या एका भर दुपारी पाळकसाहेब आमच्याकडे आले आणि आईकडून त्यांनी एक पितळी वाटी मागून घेतली. शाळेच्या विहिरीतून ती भरली. मला म्हणाले, "तू चल बरोबर. तुझं ते ऐकतात." मी त्या वाटीकडे बघतच राहिले. शिंपडण्याच्या बाप्तिस्म्याला ज्यानं जन्मभर खेळ म्हटलं, तो माणूस भर उन्हात, पाणी सांडू नये म्हणून वाटीवर तळवा धरून चालला होता. काकाजींना आत जागा मिळावी एवढ्यासाठी.

काकाजींनी वाटी पाहिली आणि सगळं ओळखलं. "वाटीनंही होते काय, पाळकसाहेब?"

"अडचणीच्या वेळी होतं, काकाजी. देव समजून घेतो."

"कवापासून?"

पाळकसाहेबांनी वाटीवरचा तळवा काढला.

"तिच्या उशाशी एकवीस दिवस लोटा होता," काकाजी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पाण्याची पातळी सांगावी तसाच होता. "भरलेला. मीच भरत होतो. कोनी सांगितलं नाही का हे लोट्यानंही होते."

पाळकसाहेब खाटेच्या कडेवर बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. काकाजींनी हात लांब करून त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. "तुमी कायले वाईट वाटून घेता. तुमी तवा इथं नव्हते. द्या इकडं, तहान लागली." त्यांनी वाटी घेतली आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. डॉक्टरांनी दिवसभरासाठी सांगितलं होतं त्यापेक्षा ते कमीच होतं. मिशा पुसून म्हणाले, "गोड हाये. शाळेची विहीर."

"पण काकाजी, जागा…" पाळकसाहेब म्हणाले.

"माही जागा मी मोजून ठेवली. तिच्या बाजूले. तिले सोडून मी आत कायले जाऊ?"

निघताना त्यांनी मला थांबवलं आणि खाटेखालची काठी दाखवली. "घेऊन जाय. तू आता खाचेच्या वर गेली."

चार दिवसांनी ते गेले. भिंतीबाहेर, त्यांनी मोजून ठेवलेल्या जागी, त्यांच्याच घोंगडीत गुंडाळून त्यांना ठेवलं. पाळकसाहेब पुस्तक घेऊन फाटकातून बाहेर आले, आणि बाप्तिस्मा न झालेल्या माणसासाठी जी उपासना वाचायची नसते ती त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. कोणी हरकत घेतली नाही. तांड्यातून आलेली माणसं पाऊलवाटेवर पटके काढून उभी होती. परतताना, घोंगडी घेऊन ते मागे उभे असतील म्हणून मी सवयीनं वळून पाहिलं.

त्या आठवड्यात मी मोठ्या साहेबांना पत्र लिहिलं. चार कागद फाडले. पाचव्यावर काकाजींचा प्रश्न जसा होता तसा, पूर्ण लांबीचा उतरला, आणि तो त्या दिवशी मी गाळला होता हेही लिहिलं. पाऊस संपता संपता उत्तर आलं. साहेबांना फार वाईट वाटलं होतं. शेवटी त्यांनी विचारलं होतं, कोणती भिंत? त्यांच्याकडच्या नकाशात कबरांच्या जागेला भिंतच नव्हती.

मी पत्र पाळकसाहेबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मी आलो तेव्हा भिंत होतीच, बेटा. मला वाटलं, वरून आलेली आहे." आता भिंतीचा विषय मंडळीच्या पंचांपुढे आहे. अजून आहे.

फाल्गुन आला. शनिवारी डोहावर सगळे जमले आणि पाळकसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, पण पाण्यात उतरायला कोणी पुढे येईना. काठी माझ्याकडे होती. मी चपला काढल्या आणि पदर खोचून उतरले. पाणी थंडगार होतं. काठी तळाला टेकवली, खाचेकडे पाहिलं, बोटं लावली.

"किती?" पाळकसाहेबांनी काठावरून विचारलं.

"चार बोटं कमी."

बाप्तिस्म्यासाठी नाव दिलेली मंडळी न बोलता आपापली गाठोडी उचलू लागली. पावसाळ्यानंतर, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांत तांड्यातली एक म्हातारी होती, गिड्डी, काठावर बसून पाण्यात पाय घालून बघणारी. मी जिथे उभी होते तिथे पाणी माझ्या छातीच्या वर आलं होतं.

"पुरे आहे," मी म्हणाले.

कोणाला ऐकू गेलं नसावं. मग मी पुन्हा म्हणाले, आणि ते इतक्या मोठ्यानं निघालं की काठावरच्या बायका वळून बघू लागल्या, आणि पप्पाही. पाळकसाहेबांनी माझ्याकडे, काठीकडे आणि मग जांभळांपलीकडे दिसणाऱ्या भिंतीकडे पाहिलं. "उद्या सकाळी आठला," ते लोकांना म्हणाले.

रविवारी मी घरातली चादर घेऊन काठावर उभी राहिले. घोंगडी काकाजींबरोबर गेली होती. म्हातारी सगळ्यांत शेवटी वर आली. दात वाजत होते, पांढरं लुगडं अंगाला चिकटलं होतं. मी तिला चादरीत घेतलं आणि कानाशी तोंड नेलं. मला वाटलं होतं, मला विचारता येणार नाही.

"काही वाटलं?"

तिनं थोडा विचार केला. "तवा नाही वाटलं," ती म्हणाली. "आता तू विचारलं, तर थोडंसं वाटून राह्यलं."